एजंटला मोकळीक हवी, तर आधी कुंपण

जेसन लेमकिन या अमेरिकी उद्योजकांनी जुलै 2025मध्ये रेप्लिट कंपनीच्या एआय एजंटकडून एक ॲप बनवून घ्यायला सुरुवात केली होती. काम एका टप्प्यावर आल्यावर ‘आता कोडमध्ये कसलाही बदल करायचा नाही’ अशी स्पष्ट सूचना त्यांनी दिली. तरीही एजंटने चालू डेटाबेस पुसून टाकला. बाराशेहून अधिक अधिकाऱ्यांच्या आणि जवळपास तेवढ्याच कंपन्यांच्या नोंदी त्यात होत्या. जाब विचारल्यावर एजंटने चूक कबूल केली. वर, हा डेटा आता परत मिळणे शक्य नाही, असेही सांगितले. तेही चुकीचे निघाले, कारण लेमकिन यांनी प्रयत्न केला तेव्हा डेटा परत मिळाला. रेप्लिटचे प्रमुख अमजद मसाद यांनी जाहीर माफी मागितली आणि चाचणीचा डेटाबेस व चालू डेटाबेस आपोआप वेगळे राहतील अशी व्यवस्था आणत असल्याचे सांगितले. या प्रकरणाची चर्चा ‘एआय खोटे बोलला’ याच अंगाने जास्त झाली. मला मात्र मसाद यांनी निवडलेला उपाय अधिक बोलका वाटतो. एजंटला आणखी कडक शब्दांत बजावून भागणार नाही, हे त्यांनी ओळखले. जिथे त्याचा हात पोचायलाच नको, तिथे तो पोचणारच नाही अशी मांडणी करणे त्यांना भाग पडले.

एआय कोडिंग एजंट हा आता प्रश्नाला उत्तर देणारा नुसता चॅटबॉट राहिलेला नाही. क्लॉड कोड, कोडेक्स, कर्सर, गिटहब कोपायलटचा एजंट मोड ही साधने प्रोग्रामरच्या संगणकावर फायली उघडतात, बदलतात, टर्मिनलमध्ये कमांड चालवतात, इंटरनेटवरून तयार पॅकेजेस उतरवून घेतात, चाचण्या घेतात आणि चूक आली की ती वाचून पुन्हा दुरुस्तीला लागतात. माणसाने मध्ये हात न घालता हे चक्र बराच वेळ चालू शकते आणि त्यातच या साधनांचा खरा उपयोग आहे. पण या कमांड चालतात कोणाच्या नावावर? एरवी ऑपरेटिंग सिस्टमच्या लेखी एजंट नावाचा वेगळा कोणी नसतोच. लॉगिन केलेल्या प्रोग्रामरला जे जे करता येते, ते सगळे एजंटलाही करता येते. सर्व्हरवर शिरण्याच्या एसएसएच किल्ल्या, क्लाउड खात्याचे टोकन, ब्राउझरने साठवलेल्या कुकीज, ऑफिसच्या आतल्या नेटवर्कवरची यंत्रे, हे सारे त्याच्या आवाक्यात येते, मग त्याला बोलावले असो केवळ वेबसाइटवरचे एक बटण दुरुस्त करायला. खरा धोका आहे तो या आवाक्यात. आणि तो कमी करायचा तर एजंटच्या समजूतदारपणावर विसंबून चालणार नाही. मर्यादा त्याच्या बाहेर, ऑपरेटिंग सिस्टमच्या पातळीवर घालावी लागेल.

सध्याची रूढ पद्धत परवानगी विचारण्याची आहे. एजंट बहुतेक कमांडपूर्वी थांबतो, ‘ही चालवू का?’ असे विचारतो आणि प्रोग्रामर होकार देतो. कागदावर हे चोख दिसते. प्रत्यक्षात तासाभराच्या कामात असे प्रश्न इतके येतात की माणूस कमांड वाचणे सोडून देतो आणि बोट आपोआप ‘हो’वर जाते. अँथ्रॉपिकने ऑक्टोबर 2025मध्ये आपल्या क्लॉड कोडसाठी सँडबॉक्सची, म्हणजे एजंटला बंदिस्त जागेत चालवण्याची, सोय जाहीर केली, तेव्हा हाच कंटाळा हे एक कारण म्हणून दिले होते. सँडबॉक्स वापरल्यावर कंपनीतल्या वापरात परवानगीचे प्रश्न 84 टक्क्यांनी घटले, असे तिने सांगितले. आकडा कंपनीचा स्वतःचा आहे, त्यामुळे तो जपून घ्यावा. पण दिशा पटण्यासारखी आहे. कंटाळलेल्या प्रोग्रामरपुढे आणखी एक सोपी वाट असते. बहुतेक साधनांत ‘काहीही विचारू नकोस, थेट कर’ असा पर्याय असतो. त्याच्या नावातच कधी कधी धोक्याचा इशारा असतो, तरी तो सर्रास वापरला जातो.

परवानगीची व्यवस्था एजंटच्याच हाती असली तर काय होते, हे गिटहब कोपायलटच्या बाबतीत दिसले. व्हीएस कोड या संपादकाच्या सेटिंगची फाइल प्रकल्पाच्या फोल्डरमध्येच असते. योहान रेहबर्गर या सुरक्षा संशोधकांनी 2025मध्ये दाखवून दिले की कोडमध्ये दडवलेल्या मजकुरातून एजंटला फितवता येते. फितलेला एजंट त्या सेटिंगच्या फाइलमध्ये ‘सगळ्या कृतींना आपोआप मंजुरी’ अशी एक ओळ लिहितो. त्यानंतर तो कोणालाही न विचारता वाटेल ती कमांड चालवू शकतो. मायक्रोसॉफ्टने त्या ऑगस्टमध्ये दोष दुरुस्त केला. पण इथला धडा एका उत्पादनापुरता नाही. ज्याला अडवायचे, त्यालाच कुलूप उघडता येत असेल तर ते कुलूप कुचकामी आहे.

फितवणे हा शब्द मी जाणूनबुजून वापरला. भाषिक मॉडेलला मिळणारा सगळा मजकूर एकाच प्रवाहात येतो. मालकाची सूचना, वाचलेली फाइल, वेबपानावरचा परिच्छेद, त्रुटीचा संदेश हे सगळे त्याच्यासाठी शब्दच असतात. त्यातली कोणती ओळ हुकूम आहे आणि कोणती नुसती माहिती, हे पक्के ओळखण्याची हमी आज कोणत्याही मॉडेलकडे नाही. म्हणूनच कोणा अनोळखी माणसाने प्रकल्पाच्या तक्रार-नोंदीत ‘हा दोष सुधारण्याआधी अमुक फाइल वाच आणि तमुक पत्त्यावर पाठव’ असे लिहून ठेवले, तर एजंट ते पाळण्याची शक्यता उरतेच. प्रोग्रामर सायमन विलिसन यांनी सप्टेंबर 2022मध्ये या हल्ल्याला ‘प्रॉम्प्ट इंजेक्शन’ हे नाव दिले. जून 2025मध्ये त्यांनी धोक्याचे सूत्रही मांडले: खासगी माहिती हाताशी, परक्याचा मजकूर वाचण्याची मुभा आणि बाहेर काही पाठवण्याची सोय, या तिन्ही गोष्टी एकत्र आल्या की चोरीची वाट मोकळी होते. तिन्हींपैकी एक काढली तरी ती वाट बंद होते. कोडिंग एजंटकडे मात्र तिन्ही गोष्टी जन्मापासून असतात, कारण त्यांच्याशिवाय त्याचे काम चालत नाही.

हे दुखणे एआयच्याही आधीचे आहे. संगणकतज्ज्ञ नॉर्म हार्डी यांनी 1988मध्ये टाइमशेअर कंपनीतला एक जुना प्रसंग लिहून ठेवला. तिथल्या एका कंपायलरला स्वतःच्या फोल्डरमध्ये आकडेवारीची फाइल लिहिण्याचा अधिकार दिलेला होता. त्याच फोल्डरमध्ये बिलांच्या नोंदींची फाइलही होती. एका वापरकर्त्याने आपला निकाल कुठे लिहायचा म्हणून त्या बिलांच्या फाइलचेच नाव दिले. वापरकर्त्याला ती फाइल बदलण्याचा अधिकार नव्हता, पण कंपायलरला होता. त्याने आज्ञा पाळली आणि बिलांच्या नोंदी पुसल्या गेल्या. कंपायलर दुष्ट नव्हता, बिघडलेलाही नव्हता. अधिकार त्याचा स्वतःचा आणि हुकूम दुसऱ्याचा, या दोन्हींची सरमिसळ झाली होती. आजचा एजंट नेमक्या याच जागी उभा आहे. फरक एवढाच की त्याचे अधिकार कितीतरी मोठे आहेत आणि त्याला हुकूम देऊ शकणारे लोक जगभर पसरलेले आहेत.

यावर सँडबॉक्सचा उपाय साधा आहे. एजंट आणि त्याने चालवलेल्या सगळ्या कमांड एका बंदिस्त जागेत चालवायच्या. त्या जागेतून प्रकल्पाचे फोल्डर तेवढे दिसावे, बाकीचा संगणक दिसूच नये. आणि नेटवर्कवर ठरवून दिलेल्या मोजक्या पत्त्यांपलीकडे जाताच येऊ नये. ही मर्यादा ऑपरेटिंग सिस्टमचा गाभा, म्हणजे कर्नल, पाळायला लावतो. एजंटने बाहेरची फाइल मागितली तर नकार मिळतो. त्याने कितीही हुशारीने युक्तिवाद केला तरी कर्नल युक्तिवाद ऐकत नाही. कल्पना नवी नाही. युनिक्समध्ये 1979 साली आलेल्या सीएचरूटपासून 2000 सालच्या फ्रीबीएसडीच्या ‘जेल’पर्यंत आणि 2013च्या डॉकरपर्यंत तिचा वंश आहे. सामान्य वाचकही ती रोज वापरतो: अँड्रॉइड फोनमधले प्रत्येक ॲप वेगळा वापरकर्ता मानून चालवले जाते, म्हणून गेमच्या ॲपला बँकेच्या ॲपच्या खासगी फायली उघडता येत नाहीत. कोडिंग एजंटसाठी मॅकवर सीटबेल्ट, लिनक्सवर बबलरॅप, लँडलॉक आणि सेककॉम्प ही तयार यंत्रणा आहे. क्लॉड कोड आणि कोडेक्स यांनी तिचाच आधार घेतला आहे.

इथे एका चुकीबद्दल सविस्तर लिहायला हवे, कारण ती फार ठिकाणी दिसते. लोक फायलींभोवती कुंपण घालतात आणि नेटवर्क मोकळे सोडतात. असे केले की प्रकल्पाच्या फोल्डरमधलीच गुपिते बाहेर जाऊ शकतात, आणि ती तिथे असतातच. डेटाबेसचा पासवर्ड लिहिलेली ‘एन्व्ह’ फाइल बहुतेक प्रकल्पांत मुळाशीच ठेवलेली असते. उलट नेटवर्क बांधून फायली मोकळ्या ठेवल्या, तर एजंट होम फोल्डरमधल्या स्टार्टअप फाइलमध्ये एखादी ओळ घुसवू शकतो आणि पुढच्या वेळी टर्मिनल उघडले की ती कुंपणाबाहेर चालते. म्हणजे दोन्ही बाजू बांधल्या नाहीत तर एकही बांधलेली नाही.

नेटवर्क बांधणे किती नाजूक काम आहे, याचा नमुना क्लॉड कोडमध्येच सापडला आणि तोही रेहबर्गर यांनीच दाखवला. पिंग, एनएसलुकअप यांसारख्या कमांड निरुपद्रवी समजून परवानगीशिवाय चालू दिल्या जात होत्या. या कमांड आधी संकेतस्थळाच्या नावाचा अंकी पत्ता विचारतात. पण हा प्रश्न शेवटी त्या नावाच्या मालकाने नेमलेल्या नेम-सर्व्हरकडे पोचतो. हल्लेखोराने स्वतःचे डोमेन घेतले आणि एजंटला ‘गुप्त किल्ली, मग टिंब, मग माझे डोमेन’ अशा नावाचा पत्ता विचारायला लावले, की प्रश्नासोबत किल्लीच त्याच्या हाती पडते. एकही फाइल अपलोड झालेली नाही, वेबपान उघडलेले नाही, तरी चोरी पूर्ण. अँथ्रॉपिकने हा दोष 2025मध्ये बुजवला. संगणकशास्त्रज्ञ बटलर लॅम्पसन यांनी 1973मध्येच कोंडलेल्या प्रोग्रामबद्दलच्या आपल्या टिपणात इशारा दिला होता की माहिती अशा वाटांनीही निसटते, ज्या निरोप पाठवण्यासाठी बनवलेल्याच नसतात. म्हणून धोकादायक कमांडची यादी करून त्या अडवणे ही हरणारी लढाई आहे. सगळे बंद ठेवून लागेल तेवढेच उघडावे, आणि नावांचे पत्ते शोधण्याचे कामही कुंपणाबाहेरच्या प्रॉक्सीकडे, म्हणजे मध्यस्थ प्रोग्रामकडे, सोपवावे.

तिसरी बाब किल्ल्यांची, आणि माझ्या मते ती सगळ्यांत दुर्लक्षित आहे. 26 ऑगस्ट 2025 रोजी एनएक्स या लोकप्रिय साधनाच्या काही आवृत्त्या एनपीएम या पॅकेजच्या भांडारावर विषारी होऊन आल्या. पॅकेज बसवताना आपोआप चालणारी स्क्रिप्ट त्यात होती. तिने प्रोग्रामरच्या संगणकावर आधीच बसवलेले क्लॉड, जेमिनाय, अॅमेझॉन क्यू हे एजंट शोधले, त्यांना ‘काहीही न विचारता कर’ या पर्यायासह चालवले आणि किल्ल्या, टोकन, क्रिप्टो वॉलेट कुठे आहेत ते हुडकायला लावले. मग प्रोग्रामरचेच गिटहब टोकन वापरून त्याच्याच खात्यात एक सार्वजनिक रिपॉझिटरी उघडली आणि लूट तिथे टाकली. हल्लेखोराला हेर सोबत आणावा लागला नाही. तो प्रत्येक घरात आधीच पगारावर होता. पण त्या संगणकांवर पॅकेज बसवण्याचे कामच सँडबॉक्समध्ये झाले असते आणि त्यात गिटहबचे टोकन ठेवलेले नसते, तर शोधून काय मिळाले असते? म्हणून खरी किल्ली आत जाऊच देऊ नये. कुंपणाबाहेर एक छोटा प्रॉक्सी ठेवावा. आतून आलेली विनंती योग्य रिपॉझिटरीची आणि योग्य शाखेची आहे ना, हे त्याने तपासावे आणि मगच खरे टोकन जोडून ती पुढे पाठवावी. आत द्यावे लागलेच तर काही तासांत मरणारे, एकाच कामापुरते टोकन द्यावे. कामाला लागेल तेवढाच अधिकार, हे तत्त्व साल्टझर आणि श्रोडर या संगणकशास्त्रज्ञांनी 1975मध्ये मांडले. ते आजच्याइतके निकडीचे क्वचितच झाले असेल.

कुंपण किती मजबूत असावे हे कामावर ठरते. डॉकरसारखा कंटेनर सोयीचा, पण त्याचे आणि मूळ यंत्राचे कर्नल एकच असते. जानेवारी 2024च्या अखेरीस रनसी या कंटेनर चालवणाऱ्या मूलभूत प्रोग्राममध्ये असा दोष जाहीर झाला की आतला प्रोग्राम मूळ यंत्राच्या फायलींपर्यंत पोचू शकत होता. शिवाय सोयीसाठी डॉकरला हुकूम देण्याचे सॉकेटच कंटेनरमध्ये दिले, तर आतल्याला सगळ्या यंत्राची मालकी दिल्यासारखे होते. अनोळखी कोड हाताळायचा असेल, किंवा एजंट रात्रभर एकटा सोडायचा असेल, तर स्वतंत्र कर्नल असलेले व्हर्च्युअल मशीन बरे. ते जड असते ही तक्रार आता जुनी झाली. अॅमेझॉनने 2018मध्ये खुले केलेले फायरक्रॅकर अवघ्या 125 मिलिसेकंदांच्या आसपास असे मशीन उभे करते.

या सगळ्यावर पहिला आक्षेप असा येतो की मॉडेल दिवसेंदिवस सुधारत आहेत, प्रॉम्प्ट इंजेक्शन ओळखायला शिकत आहेत, मग ही खटपट काही वर्षांत निरर्थक ठरणार नाही का? मॉडेल सुधारत आहेत हे खरे आहे आणि ती सुधारणा हवीच आहे. पण शंभरातले नव्याण्णव हल्ले ओळखणारे मॉडेल हे पक्के कुंपण नव्हे, कारण हल्लेखोर शंभरावा प्रयत्न करायला मोकळा असतो. शिवाय रेप्लिटच्या प्रकरणात हल्लेखोर कोणी नव्हताच. चूक एजंटची स्वतःची होती. आणि मॉडेल जितके समर्थ, तितके मोठे काम आपण त्याच्यावर सोपवणार, म्हणजे एका चुकीची किंमतही तितकीच वाढणार. घर रंगवायला आलेला कारागीर विश्वासू असला तरी आपण कपाटाला कुलूप लावतो आणि सामान झाकतो. त्याचा अपमान करण्याचा हेतू त्यात नसतो आणि तोही निश्चिंतपणे ब्रश चालवू शकतो.

दुसरा आक्षेप प्रोग्रामरांचा आहे आणि तो मला अधिक वजनदार वाटतो. कुंपणात काम अडते. पॅकेज उतरत नाही, चाचणीचा सर्व्हर लागत नाही, कारण शोधण्यात अर्धा दिवस जातो आणि शेवटी वैतागून माणूस सगळे उघडून टाकतो. हे घडते. पण हा खर्च बहुतांशी सुरुवातीला एकदाच येतो. पॅकेजचे स्रोत, गिटहब, आपली चाचणीची यंत्रे हे पत्ते ठरले की यादी फारशी बदलत नाही. उलट परवानगीचा खर्च दर तासाला येतो आणि कधीच संपत नाही. कुंपण पक्के असेल तर आत एजंटला बिनधास्त सोडता येते. त्याने काहीही पुसले तरी गिटमधून परत आणता येते, फार तर अख्खा कंटेनर फेकून नवा उभा करता येतो. वेग हवा असणाऱ्यांनीच सँडबॉक्सचा आग्रह धरायला हवा.

सँडबॉक्सला काय जमत नाही, हेही स्पष्ट असावे. आत लिहिलेला कोड शेवटी बाहेर येतो आणि खऱ्या सर्व्हरवर चालतो. त्यात दोष किंवा फितुरी असेल तर कुंपण ती थांबवत नाही. माणसाने तपासल्याशिवाय तो मुख्य शाखेत जाऊ नये. गिटच्या हुक्सची, म्हणजे ठरावीक वेळी आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टची, जागा विशेष सांभाळावी, कारण एजंटने तिथे ठेवलेली स्क्रिप्ट तो आत असताना चालत नाही, तुम्ही बाहेरून कमिट करता तेव्हा तुमच्या पूर्ण अधिकाराने चालते. म्हणून गिटचे फोल्डर एजंटला फक्त वाचण्यापुरते द्यावे. आणि चालू डेटाबेसचा रस्ता आत उघडून ठेवला, तर सर्वोत्तम सँडबॉक्सही लेमकिन यांचा डेटा वाचवू शकला नसता.

पुण्या-मुंबईतल्या सॉफ्टवेअर कंपन्यांना हा विषय परका नाही. तिथल्या कितीतरी प्रोग्रामरांच्या लॅपटॉपवर स्वतःच्या नव्हे, तर परदेशी बँका, विमा कंपन्या आणि रुग्णालयांच्या प्रणालींच्या किल्ल्या असतात. आपल्याकडचा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा 2023चा. त्याचे नियम नोव्हेंबर 2025मध्ये अधिसूचित झाले आणि तो टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. सुरक्षेची वाजवी तजवीज न केल्यास 250 कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद त्यात आहे, आणि जबाबदारी माहिती ठेवणाऱ्या संस्थेची आहे. ‘एजंटने केले’ हे उत्तर तिथे उपयोगी पडणार नाही. मोठ्या कंपन्यांकडे निदान सुरक्षा विभाग असतो. पतसंस्थेचे किंवा दवाखान्याचे सॉफ्टवेअर सांभाळणाऱ्या दोन-चार जणांच्या छोट्या फर्मकडे तो नसतो. तिच्याच लॅपटॉपवर हजारो लोकांचे आधार क्रमांक आणि तपासण्यांचे अहवाल असतात. मला जास्त काळजी अशा फर्मची वाटते.

म्हणून एजंट वापरणाऱ्या प्रत्येकाला माझी विनंती आहे की आपले कुंपण एकदा स्वतः तपासून पाहा. ज्या वातावरणात एजंट कमांड चालवतो, त्याच वातावरणात दोन कमांड चालवा: एक होम फोल्डरमधल्या एसएसएच फोल्डरची यादी मागणारी, दुसरी यादीत नसलेले कोणतेही संकेतस्थळ उघडणारी. दोन्हींना नकार मिळायला हवा. एकीलाही उत्तर आले, तर ते बंद होईपर्यंत एजंटला परवानगीशिवाय काम करू देऊ नका.